फियाटच्या इंजिनवरचा रंग महिनाभरात का सुटला? मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हर आणि ब्लॉक पुन्हा रंगवण्याविषयी

कोथरूडची_फियाट

नमस्कार. आमच्याकडे १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने निघणाऱ्या गाडीचे नाव १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये तीच पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. आमच्या घरात मात्र ती पहिल्या दिवसापासून फियाटच आहे, म्हणून पुढे मीही फियाटच लिहीन. वडिलांच्या पश्चात गाडी आठ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी ब्रेक, वायरिंग आणि कार्बोरेटरचे काम करून घेऊन ती रस्त्यावर आणली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आतून उत्तम आहे, ते तेल खात नाही आणि सकाळी थंडीतही दुसऱ्या सेल्फला सुरू होते. अडचण आहे ती बॉनेट उघडल्यावर जे दिसते त्याची.

दिवाळीच्या सुटीत मी मॅनिफोल्ड (इंजिनचा जळालेला धूर बाहेर नेणारा भाग) आणि टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचे झाकण) उतरवून स्वतः रंगवले. मॅनिफोल्ड बिडाचे आहे; ते तारेच्या ब्रशने घासले, त्यावर रेडऑक्साइडचे अस्तर दिले आणि वर '६०० अंशांपर्यंत टिकणारा' असे लिहिलेल्या चंदेरी रंगाचे दोन चांगले जाड हात मारले. टॅपेट कव्हरला लोहचुंबक चिकटले, म्हणजे ते पत्र्याचे आहे हे कळले. ते रॉकेलने धुतले, पॉलिश पेपर मारला आणि डब्यात उरलेला तोच चंदेरी रंग त्यालाही दिला, कारण ६०० अंश सोसणारा रंग १०० अंश सहज सोसेल असा माझा साधा हिशेब होता. तीन आठवड्यांत मॅनिफोल्डवरचा रंग भाजलेल्या पापडासारखा फुगून सुटू लागला आणि त्याखाली विटकरी भुकटी निघाली. टॅपेट कव्हरची तऱ्हा वेगळीच झाली. तिथे पोपडे निघाले नाहीत, पण तेल ओतायच्या झाकणाभोवती रंग इतका मऊ राहिला आहे की नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघतो.

आता हे सगळे पुन्हा करायचे आहे आणि या वेळी ब्लॉक, पंख्याची पुली आणि खालचे चेंबरही (इंजिनचे तेल साठते ते भांडे) हाती घ्यायचे आहे. कोणत्या भागाला कोणता रंग द्यावा, जुना रंग आणि गंज कसा काढावा, आणि ओळखीचे एक गृहस्थ 'सगळे सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करून टाका' (म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने घासून वर रंगाची पूड भट्टीत भाजून बसवा) असे म्हणत आहेत त्यात कितपत तथ्य आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. इंजिन गाडीतून उतरवण्याची सध्या तयारी नाही.

निवृत्त_रसायनी

आपण दोन्ही ठिकाणी एकच रंग वापरलात, आणि तो दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या कारणांनी बिघडला. मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे आणि असे तक्रारीचे नमुने टेबलावर पुष्कळदा पाहिले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

'६०० अंश' लिहिलेला चंदेरी रंग हा बहुधा सिलिकोन रेझिन आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड यांचा असतो. हा रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असे नव्हे. साधारण २०० अंशांवर तासभर तापल्यावर त्यातील रेझिनची जाळी खऱ्या अर्थाने विणली जाते. पुढे उष्णता आणखी वाढली की त्यातला सेंद्रिय भाग हळूहळू जळून जातो आणि मागे सिलिका व अ‍ॅल्युमिनियम यांचा जो पातळ थर राहतो, तोच धातूला धरून ६०० अंश सोसतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे त्याच्याखाली उघडा, खडबडीत धातूच हवा. आपण मध्ये रेडऑक्साइड घातलेत. रेडऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचे ऑक्साइड, गेरूचेच भावंड. त्याला उष्णतेने काही होत नाही. जळते ते त्याला धरून ठेवणारे तेलाचे रेझिन, आणि ते मॅनिफोल्डच्या उष्णतेपुढे पहिल्या काही फेऱ्यांतच कोळसा होते. आपल्याला मिळालेली विटकरी भुकटी म्हणजे बांधणारे जळून गेल्यावर मागे उरलेले रंगद्रव्य होय. त्यावरचा चंदेरी थर कितीही चांगला असला तरी वाळूवर बांधलेल्या भिंतीसारखी त्याची गत झाली.

दुसरी गोष्ट जाडीची. या रंगाचा वाळलेला थर एका हाताला २० ते २५ मायक्रॉन इतकाच अपेक्षित असतो, म्हणजे घरातल्या भिंतीच्या हिशेबाने पाहिले तर 'रंग दिलाच नाही' असे वाटावे इतका पातळ. 'दोन चांगले जाड हात' दिल्यावर वरची साय धरते आणि आतला थिनर अडकतो. इंजिन तापले की तोच वाफ होऊन बाहेर पडू पाहतो आणि फुगे येतात. पातळ हात द्यावा, दिवसभर वाळू द्यावा, मग दुसरा पातळ हात द्यावा. भाजणी इंजिनवरच करायची असेल तर पहिल्या दिवशी दहा मिनिटे इंजिन नुसते चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, नंतर वीस मिनिटे, आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर काढावी. पहिल्या दोनतीन वेळांना धूर आणि वास येईल, त्यामुळे हे काम उघड्यावर करावे. याहून सोपा उपाय म्हणजे ज्यांच्याकडे पावडर कोटिंगची भट्टी आहे त्यांना चार पैसे देऊन रंगवलेले मॅनिफोल्ड २०० अंशांवर तासभर भाजून घेणे. घरातल्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे कधीही करू नये.

आता टॅपेट कव्हरकडे वळू. आपला हिशेब वरवर बिनचूक आहे, पण हा रंग नुसता उष्णता सोसतो असे नाही, त्याला पक्के व्हायला उष्णता लागते. टॅपेट कव्हर सहसा १०० अंशांच्या आसपासच राहते, तिथे हा रंग आयुष्यभर कच्चाच राहणार आणि तेलाच्या, पेट्रोलच्या हाताने पुसला जाणार. म्हणून कव्हर, ब्लॉक, पुली आणि चेंबर या भागांसाठी 'जास्त अंशांचा' रंग शोधू नये. तिथे प्रश्न उष्णतेचा नसून तेलाचा आणि पेट्रोलचा आहे. इपॉक्सी अस्तर आणि त्यावर हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग ही जोडी तिथे सर्वांत टिकाऊ ठरते. मात्र पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. गनने मारताना त्याचे तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने ते मनावर घेतले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. त्याला जाणवण्याजोगा वास नसल्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे मास्क काम करतो आहे' हा समज धोक्याचा आहे. तोंडाला रुमाल बांधून पीयूचा स्प्रे करणाऱ्यांना मी आजवर परोपरीने सांगत आलो आहे. बाहेरून ताज्या हवेची नळी असलेला मास्क नसेल तर भाग उतरवून व्यवस्थित सोय असलेल्या पेंटरकडे द्यावेत, किंवा ब्रशने लावायचा चांगला एनॅमल वापरावा आणि थोडा कमी टिकाऊपणा स्वीकारावा.

शेवटी स्वच्छतेची एक चाचणी सांगतो. रॉकेलने धुतलेला भाग डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण रॉकेल स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवते. रॉकेलनंतर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने घासावे, मग थिनरने ओल्या केलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसावे आणि दर खेपेला फडक्याची घडी बदलावी. त्यानंतर भागावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट अखंड राहिला तर धातू स्वच्छ आहे. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले तर तेल शिल्लक आहे. या चाचणीत उतरलेल्या भागाला पुढे उघडा हात लावू नये.

बंदररोड_रत्नागिरी

वरील उत्तरात रंगाची बाजू पूर्ण आली आहे, म्हणून मी हवा आणि गंज यांच्याविषयीच लिहितो, कारण आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तोच मुख्य शत्रू आहे. माझ्याकडे दुसऱ्या एका जुन्या गाडीचे इंजिन आहे आणि त्याचे भाग मी घराच्या मागच्या पडवीत रंगवतो.

पुण्यात आपल्याला हिवाळ्याची कोरडी हवा मिळते. तेवढ्यात काम उरकून घ्यावे आणि पावसाळ्यापर्यंत लांबवू नये. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते) २६ अंशांच्या जवळ येतो, आणि रंगवायचा धातू दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी गरम असावा हा नियम आपोआप मोडतो. डोळ्यांना काही दिसत नसले तरी बिडावर ओलाव्याचा पापुद्रा बसलेला असतो. मी एकदा जुलैत एअर फिल्टरच्या डब्याला ड्युको (गाड्यांचा झटपट वाळणारा रंग) मारला आणि तासाभरात त्यावर साबणाचा फेस सुकल्यासारखी पांढुरकी साय आली, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतले पाणी रंगातच उतरते. आता मी भाग आधी उन्हात ठेवतो आणि तो हाताला सोसवेल इतका कोमट झाला की मगच रंगवतो.

गंज काढण्यासाठी पुली, ब्रॅकेट आणि चेंबर यांसारख्या लोखंडी भागांना मी विजेची पद्धत वापरतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन दर पाच लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा, गंजलेला भाग तारेने टांगून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडावा आणि लोखंडी पत्र्याचा एखादा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडून भागापासून दूर बुडवावा. रात्रभरात गंज काळी चिखलासारखी भुकटी होऊन सुटतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच करावे, आसपास विडी-काडी नको, आणि तारा काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यात टाकू नयेत, कारण हायड्रोजन पोलादात शिरून त्यांना ठिसूळ करतो. टबातून काढलेला भाग धुऊन लगेच पुसावा आणि उन्हात वाळवून त्याच दिवशी त्यावर अस्तर द्यावे. आमच्याकडे तर संध्याकाळपर्यंत थांबले तरी त्यावर पिवळसर छटा येते.

अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग या टबात किंवा कॉस्टिक सोड्यात घालू नये. आपल्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो. थर्मोस्टॅटवरची अ‍ॅल्युमिनियमची टोपी मी एका रात्री कॉस्टिकच्या पाण्यात 'जुना रंग सुटेल' म्हणून ठेवली होती. पाणी उकळत्या चहासारखे बुडबुडत होते, त्यात मला प्रगतीच दिसली. सकाळी रंग गेला होता, पण पॅकिंग (सांध्यातली गळती थांबवणारा थर) बसायची कड देवी आल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती आणि टोपी भंगारात गेली.

जुना रंग कोरडा घासू नये ही आणखी एक विनंती. १९७३ च्या गाडीवरच्या जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारा नियमच आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि तोही घरगुती रंगांपुरता. वॉटर पेपर ओला करून घासावा, गाळ वर्तमानपत्रावर गोळा करावा, आणि त्याच हाताने चहाचा कप धरू नये.

लेथच्या_मागे

आमचे कोल्हापुरात इंजिन रिकंडिशनिंगचे काम आहे. आपण इंजिन उतरवणार नाही असे लिहिले आहे, म्हणून सँडब्लास्टिंगविषयी सर्वांत आधी लिहितो.

गाडीत बसवलेल्या इंजिनजवळ वाळूचे नळकांडे फिरकूही देऊ नका. चिंधी, टेप, प्लॅस्टिक यांनी कितीही तोंडे बंद केली तरी वाळू आपली वाट काढते आणि तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचते. उतरवलेल्या टॅपेट कव्हरचीही एक खोच आहे. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाशी कव्हरच्या आतल्या बाजूने एक पत्रा रिव्हेट केलेला असतो, तेलाचे शिंतोडे बाहेर जाऊ नयेत म्हणून. एका गिऱ्हाइकाने बाहेरून ब्लास्ट करून आणलेले कव्हर तसेच बसवले. वरून धुतले होते, हवाही मारली होती; पण त्या पत्र्यामागे चमचाभर वाळू अडकून राहिली होती. गरम तेलाने ती सुटली आणि दोनशे किलोमीटरमध्ये रॉकर शाफ्टवर नखाला लागतील असे ओरखडे पडले. रंग अडीचशे रुपयांचा होता, शाफ्ट आणि बुशांचे काम किती झाले ते सांगत नाही. म्हणून टॅपेट कव्हरला रिमूव्हर आणि तारेचा ब्रश पुरेसा आहे. रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. बंद गॅरेजमध्ये किंवा खड्ड्यात उतरून ते वापरू नका.

पावडर कोटिंगला माझा विरोध नाही. पुलीला आणि साध्या ब्रॅकेटला ते फार छान बसते. पण 'सगळे' म्हणणाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, भाग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जातो. ज्याच्यावर कथलाचा डाग दिलेला आहे असा भाग तिथे सुटा होतो, कारण डागाचे कथील १८३ अंशांना वितळू लागते. दुसरी, पन्नास वर्षे तेल प्यायलेले बीड भट्टीत घातले की ते तेल पावडरमधून बुडबुडे काढत वर येते. आधी रिकामे भाजून तेल काढले नाही तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. तिसरी, तो थर ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो आणि पॅकिंगची कड, नटाखालची जागा झाकून घेतली नाही तर नट आवळल्यावर रंगच दबतो आणि पंधरा दिवसांत नट सैल होऊन तेल गळू लागते. साध्या रंगाबाबतही हेच लक्षात ठेवावे, पॅकिंगची जागा उघडी राहिली पाहिजे.

मॅनिफोल्ड पुन्हा उतरवताना स्टडवर आधल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडावे आणि नट हलला नाही तर जोर न करता किंचित आवळून मग सोडवावा. जुन्या मॅनिफोल्ड पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ते कोरडे खरवडू नये. पाण्याने भिजवून काढावे आणि पिशवीत बांधून वेगळे ठेवावे.

ब्लॉक गाडीतच रंगवायचा असेल तर ब्रश उत्तम, कारण स्प्रेचे तुषार वायरिंगवर आणि रबरी होजवर बसतात आणि ते 'हौशी काम' लांबून ओळखू येते. ब्लॉकची अर्थिंगची पट्टी जिथे बसते ती जागा, सेल्फ आणि डायनामो बसण्याच्या जागा रंगवू नयेत. रंगवल्यानंतर 'सेल्फ उचलत नाही' म्हणून बॅटरी बदलून झालेली गाडी आमच्याकडे आली होती, आणि दोष अर्थच्या पट्टीखालच्या रंगाचा निघाला होता. पेट्रोल पंपाचे हवेचे बारीक छिद्र बुजवू नये. रेडिएटरच्या जाळीला रंग द्यायचाच असेल तर काळ्याचा अगदी उडता हात पुरे. जाड थर म्हणजे त्याला गोधडी पांघरणे.

सर्वांत महत्त्वाचे, इंजिन नंबर ठोकलेली जागा ग्राइंडर किंवा फाइलने घासू नये, त्यावर लांबी भरू नये, आणि रंग द्यायचाच असेल तर नंबर वाचता येईल इतका पातळ द्यावा. आपली गाडी पन्नास वर्षांची झालेली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर घेता येतो. त्याची नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. आपण तो मार्ग पत्करणार असाल तर खोडलेल्यासारखा दिसणारा इंजिन नंबर हे विकतचे दुखणे होईल. काम सुरू करण्याआधी त्या जागेचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत.

कोथरूडची_फियाट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून आधी सगळे थांबवले आणि डालड्याच्या जुन्या डब्याच्या पत्र्याच्या सहा पट्ट्या कापून त्यांच्यावर प्रयोग केला. तीन आठवड्यांनी निष्कर्ष लिहितो आहे.

दोन पट्ट्यांना साधा सिंथेटिक एनॅमल, दोनांना एका पेंटरकडून इपॉक्सी आणि पीयू, आणि दोनांना तो माझा चंदेरी रंग दिला. आठवड्याने प्रत्येक रंगाच्या एका पट्टीवर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा दहा मिनिटे ठेवला. मुद्दाम पंपावरचे नेहमीचे पेट्रोलच घेतले, कारण हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९७३ मध्ये या रंगांना तशी सवय नव्हती. एनॅमल सुरकुतला. चंदेरी रंग कापसालाच चिकटून आला. पीयूवर ओला डाग पडला आणि तो वाळून गेला. एनॅमलची दुसरी पट्टी मी आणखी दोन आठवडे गच्चीवर उन्हात ठेवली होती. ती त्याच बोळ्याला बरीच टिकली, फक्त तिची चमक गेली. चंदेरी रंगाची दुसरी पट्टी भट्टीत मॅनिफोल्डसोबत भाजून घेतली, तिच्यावर आता पेट्रोलचा काही परिणाम होत नाही. निवृत्त_रसायनी यांनी कच्चा आणि पक्का यातला जो फरक सांगितला तो माझ्या टेबलावर एका डब्याच्या दोन पट्ट्यांत दिसला.

त्यानुसार मॅनिफोल्ड उघड्या बिडावर दोन पातळ हात देऊन भाजून आणले आहे. टॅपेट कव्हर आणि पुली पेंटरकडे पीयूसाठी दिली. ब्लॉकला मी ब्रशने एनॅमल देणार आहे. पाण्याच्या चाचणीत ब्लॉकची डावी बाजू चौथ्या धुण्याला पास झाली. उजवीकडे पेट्रोल पंपाखाली अजून थेंब धरतात.

आता एकच प्रश्न उरला आहे. डायनामोचा ब्रॅकेट सोडवला तेव्हा त्याच्याखाली, जिथे पन्नास वर्षे ऊन, तेल किंवा ब्रश काहीच पोहोचले नव्हते, तिथे बोटभर जागेत करड्या रंगाचा गुळगुळीत थर मिळाला. वरचा हिरवा आणि त्याखालचा काळा हे नंतरच्या मिस्त्रींचे असावेत. ब्लॉकला हाच करडा द्यावा असे वाटते. तो कसा जुळवून घ्यावा?

निवृत्त_रसायनी

तो तुकडा सोन्यासारखा जपा. त्यावर रिमूव्हर किंवा थिनर लावू नका, नुसते साबणाच्या पाण्याने धुवा. ब्रॅकेटच्या खालच्या बाजूलाही तोच करडा असेल तर तो ब्रॅकेटच रंगाच्या दुकानात न्या, नाहीतर छटांचे कार्ड गाडीजवळ आणा आणि सकाळच्या सावलीतल्या उजेडात जुळवा. ट्यूबलाइटखाली करडे रंग हमखास फसवतात, त्यातली निळी किंवा पिवळी झाक दिसत नाही. एनॅमल वाळल्यावर एखादी छटा गडद होतो, म्हणून ओल्या रंगावर निर्णय न देता पट्टीवर लावून दुसऱ्या दिवशी पाहा. आणि पूर्ण चमकदार घेऊ नका. बिडाचा खडबडीतपणा चमकत्या रंगात उगाच उठून दिसतो, अर्धी चमक असलेला घ्या.

पेट्रोल पंपाखाली थेंब धरतात म्हणता, तर आधी पंपाचे पॅकिंग पाहा. तिथे तेल बाहेरून लागलेले नसून आतून पाझरत असेल तर दहा वेळा धुऊनही ती जागा पास होणार नाही.

कोथरूडची_फियाट

पॅकिंगच निघाले. पंपाचे दोन्ही नट हाताने फिरले. नवे पॅकिंग बसवून धुतल्यावर पहिल्याच खेपेला पाणी अखंड राहिले.

लेथच्या_मागे

छान. टॅपेट कव्हर पेंटरकडून आले की कॉर्कचे पॅकिंग नवे घ्या, त्याचे नट बेताने आवळा आणि दोनशे किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड असताना ते एकदा पुन्हा पाहा. कॉर्क बसते आणि नट अर्धा फेरा मागतात. जास्त आवळले तर कव्हरचा पत्रा नटाखाली वाकतो, आणि मग रंग कुठलाही असला तरी तेल तिथूनच येते.